वसतिगृहात खरूज आली तर: नव्या अधीक्षकांसाठी आणि शिक्षकांसाठी

सहावीतली एक मुलगी वर्गात मुठी आवळून बसायची. फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की वही पुढ्यात ओढायची आणि तशीच बसून राहायची. हट्टी आहे, असं मी आठवडाभर धरून चालले. मग एका रात्री झोपायच्या खोलीतून खसाखसा खाजवल्याचा आवाज आला. बॅटरी घेऊन गेले, तर लेकरू गोधडीत तोंड खुपसून रडत होतं. बोटांच्या बेचक्यांत पू भरलेले फोड. "मॅडम, रातच्याला लई खाजायलंय," एवढंच म्हणाली. पेन धरता येत नव्हता, आणि हात कुणाला दाखवायची लाज वाटत होती.

मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका निवासी शाळेत मी तेव्हा अधीक्षिका म्हणून नवीन होते. ८० लेकरं, बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. मी काय केलं? जी अकरा लेकरं खाजवताना दिसली, त्यांना दवाखान्यात नेलं, ट्यूब आणल्या, त्यांच्या हाताला लावल्या आणि निश्चिंत झाले. दीड महिन्यानं खाजवणारी लेकरं तिसाच्या वर गेली. औषध बरोबर होतं. ते कुणाला, कुठे आणि कधी लावायचं, हे मला माहीत नव्हतं. तुमचा तो दीड महिना वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ओळखा

खरूज हा किड्याचा आजार आहे. किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ पाडून अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. रात्री वाढणारी खाज ही पहिली खूण. दुसरी खूण जागेची: बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवती, कंबर, कुल्ले, मांड्या, मुलांच्या लिंगावर. तिसरी खूण सगळ्यात पक्की: शेजारच्या गादीवरचाही खाजवतोय, घरी धाकटं भावंडही खाजवतंय.

आता सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला खाज लगेच सुटत नाही. किडा अंगावर आल्यापासून खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस लेकरू ठणठणीत दिसतं, खेळतं, आणि रात्री शेजाऱ्याला किडा देत राहतं. म्हणून खाजवणारी अकरा लेकरं शोधून काढण्याला काही अर्थ नाही. अकरा खाजवताहेत याचा अर्थ किडा महिनाभर आधीच खोलीत आलाय.

तो पसरतो कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्यानं. नमस्कार केला, हातात हात दिला, कबड्डीत पकडलं, एवढ्यानं सहसा पसरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दोन-दोन, तीन-तीन लेकरं एकाच गोधडीत शिरून झोपतात, तिथे पसरतो. कोपीतही तसंच: उसाच्या पाचटाची ती एवढीशी झोपडी, आत सहा माणसं अंगाला अंग लावून निजलेली. मग तिथं तो येणारच. कुत्र्याच्या लुतीचा किडा वेगळा असतो. त्यानं माणसाला थोडे दिवस खाज सुटते, पण तो माणसाच्या अंगावर वाढत नाही. तेव्हा शाळेतल्या कुत्र्याला हाकलून खरूज जात नाही.

आणि अस्वच्छतेचं. हे मी कळकळीनं सांगते, कारण या एका शब्दानं लेकरं हात लपवतात. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते, किडा पाण्यानं वाहून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. दाटीवाटीनं राहावं लागणाऱ्या गरीब वस्त्यांतून तो जगभर आहे. तुमच्या वसतिगृहात आला म्हणून तुम्ही नापास झालात असं नाही, आणि त्या लेकराची आई तर नाहीच नाही.

तपासणी कशी करायची

परिपाठाला रांगेत उभं करून हात पुढे करायला लावू नका. एकेका लेकराला, खोलीत, उजेडात बोलवा. मुलींची तपासणी बाईनंच करायची. मोठं माणूस एकटं आणि लेकरू एकटं असं कधीही नको, दोन मोठी माणसं हजर हवीत. हात, मनगट, पोट एवढंच बघा. कपड्याखालचं विचारा: "अजून कुठं खाजतं?" लेकरं सांगतात. डोक्यात उवा-लिखा, अंगावर गोल चट्टे, ओठाभोवती खपल्या असतील तर तेही त्याच वेळी वहीत टिपा. वही तुमच्या कपाटात राहील, वर्गात नाही.

टिपलेलं घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा. निदान डॉक्टरांनी करायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्या तपासणीत त्वचेचे आजारही असतात. पण त्यांच्या तारखेची वाट बघत बसू नका, फोन करून बोलवा. निदान पक्कं होईना किंवा औषध देऊनही फरक पडेना, तर त्वचारोग विभाग आपल्याकडे लांब नाही: छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरी, लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

एक रात्र, सगळी लेकरं

खरजेचा उपचार म्हणजे एक ठरलेली रात्र, आणि आठवड्यानं तशीच दुसरी रात्र. त्या रात्री वसतिगृहात झोपणारं प्रत्येक माणूस औषध लावणार: खाजवणारं, न खाजवणारं, तुम्ही स्वतः, स्वयंपाकाच्या मावशी, रात्रीचे पहारेकरी. एक जण राहिला तरी दीड महिन्यानं सगळं पहिल्यापासून.

शनिवार घ्या. रविवारी सकाळी घाई नसते. आणि टँकर कोणत्या दिवशी येतो ते बघून शनिवार ठरवा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या प्रदेशात आपण राहतो. "सगळे कपडे उकळा" हा सल्ला आपल्याकडे कागदावरच राहतो. सुदैवानं या उपचाराला पाणी लागतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ८० लेकरांना १५ लिटरची एकेक बादली म्हणजे १२०० लिटर. शनिवारी दुपारी हौदात तेवढं आहे ना, बघून घ्या.

औषध बहुतेक वेळा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम असतं. बारा वर्षांवरच्या माणसाला अंगभर लावायला ३० ग्रॅमची पूर्ण ट्यूब लागते, सहा ते बाराच्या लेकराला साधारण अर्धी. माझा हिशोब असा होता: ५० लहान लेकरांच्या २५ ट्यूब, ३० मोठ्या मुलामुलींच्या ३०, आम्हा सात जणांच्या ७. झाल्या ६२, दोन रात्रींच्या १२४. एवढा साठा आरोग्य केंद्रात पडून नसतो. दोन आठवडे आधी लेखी मागणी द्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि निम्म्या ट्यूब आल्या म्हणून निम्म्या लेकरांना लावून मोकळं होऊ नका. थांबा, सगळ्या येऊ द्या. पालकांना आधी कळवा आणि त्यांची संमती घ्या. आईबाप कारखान्यावर असतील तर फोनवर बोला आणि वहीत नोंद ठेवा.

आता शनिवारची रात्र.

संध्याकाळी सगळ्यांची नखं कापा. नखांखाली किडे आणि अंडी राहतात.

जेवण लवकर उरका. हे सगळ्यात जास्त चुकतं. आधी मलम लावलं आणि मग लेकरं भाकरी खायला बसली, की हातावरचं मलम गेलं. हात तर सगळ्यात महत्त्वाचे. म्हणून आधी जेवण, लघवी, दात घासणं, मग मलम.

अंग कोरडं आणि थंड हवं. मलमाच्या आधी गरम पाण्यानं अंघोळ घालू नका.

हनुवटीपासून खाली तळपायापर्यंत, अंगाचा एक इंचही न सोडता लावायचं. कानामागे, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखेत, बेंबीत, कुल्ल्यांच्या फटीत, जांघेत, पायाच्या बोटांमध्ये, तळपायाला. फक्त फोड आहेत तिथे लावून भागत नाही. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. पाठ एकमेकांची लावून द्यायची. झाकलेल्या भागाला लेकरानं पडद्याआड स्वतः लावायचं, आपण बाहेरून आठवण करायची. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ द्यायचं नाही. रात्री कुणी हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, त्यासाठी चार-दोन ट्यूब बाजूला ठेवा.

आठ ते चौदा तास अंगावर राहू द्यायचं. रात्री नऊला लावलं तर सकाळी सातनंतर अंघोळ.

रविवारी सकाळी अंघोळ झाली की धुतलेले कपडे घालायचे. गेल्या तीन दिवसांत अंगावरचे कपडे, टॉवेल, चादरी, गोधड्या हे सगळं एकाच वेळी बाजूला काढायचं. पाणी असेल तर कडकडीत पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. नसेल तर प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. मी पूर्ण चार दिवस पिशव्या सोडत नाही, आणि नंतर सगळं एक दिवस पत्र्यावर उन्हात टाकते. युरियाची किंवा कीटकनाशकाची रिकामी गोणी यासाठी वापरू नका. चार दिवस अंथरायला काय, याची सोय आधी करा. आम्ही गावातून सतरंज्या मागून आणल्या होत्या. भिंतींना, फरशीला औषध फवारायची काही गरज नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा हेच. कारण अंड्यांतून नंतर बाहेर आलेले किडे या दुसऱ्या रात्री मरतात. लेकरं बरी दिसायला लागलेली असतात, त्यामुळे दुसरा शनिवार टाळायचा मोह होतो. टाळू नका.

यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. मेलेले किडे कातडीतून निघून जायला वेळ लागतो. घाबरून रोज मलम चोपडू नका, त्यानं कातडी आणखी चिडते. खोबरेल तेल लावा, खाज फार असेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्या. चार आठवड्यांनंतर मात्र नवे फोड, नवी बिळं दिसली तर कुणीतरी सुटलं आहे असं समजा.

बऱ्याच लेकरांना खरूज झाली असेल किंवा वसतिगृह फार मोठं असेल, तर डॉक्टर कधी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार देतात. १५ किलोच्या आतल्या लेकरांना आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत. हेच औषध गाई-म्हशींसाठी इंजेक्शन म्हणून गावात मिळतं. ते माणसाला द्यायचं नाही, कुणी कितीही सांगो. जुन्या काळचं गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइडचं लोशन कुणाच्या फडताळात निघालं तर तेही लेकरांना लावू नका. मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

घरचं

शनिवार-रविवारी लेकरू घरी जात असेल, तर घरातल्यांनाही त्याच दिवशी औषध लागेल. इथे बोलणं जपून करावं लागतं. एक आजी मला म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात कुणालाच न्हाई. पोरगं तुमच्याकडं आल्यापासून खाजवायलंय." मी म्हटलं, "आजी, कुठून आली ते सोडून द्या. तुमच्या कुशीत झोपतंय ना ते? मग तुम्हालाही लावावं लागंल, आणि त्याच्या धाकट्या बहिणीलाही." बहिणीचं नाव निघालं तशा त्या तयार झाल्या. तान्ह्या बाळाला आणि गरोदर सुनेला काय लावायचं, हे मात्र डॉक्टरांना विचारून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला परमेथ्रिन लावत नाहीत.

फोड पिकले तर

खाजवून कातडी फुटते आणि जिवाणू आत शिरतात. ओठ, नाक, हात यांच्याभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या दिसतात. खरूज नसतानाही हे होतं आणि झपाट्यानं पसरतं. साबणाच्या पाण्यानं खपल्या भिजवून हलक्या हातानं काढायच्या, डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक मलम किंवा गोळ्या पूर्ण दिवस द्यायच्या, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. औषध सुरू होऊन दोन दिवस होईपर्यंत किंवा खपल्या सुकेपर्यंत त्या लेकराला दाटीत बसवू नका. स्वयंपाकाच्या मावशींच्या हाताला असा फोड असेल तर त्यांना बरं होईपर्यंत कणकेत हात घालू देऊ नका. त्यातून अन्नविषबाधा होते. त्यांची मजुरी कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या फोड लपवतील.

आणि हे पाठ करून ठेवा. असे फोड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांत लेकराचं तोंड सकाळी सुजलेलं दिसलं, लघवी कमी झाली, किंवा कोऱ्या चहासारखी लालसर-काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. ताप येऊन फोडाभोवतीची लाली पसरत असेल तरीही त्याच दिवशी.

गजकर्ण

ही बुरशी आहे. गोल चट्टा, कडेला लाल खरखरीत, मध्ये बरा होत आलेला. जांघेत, कमरेला, काखेत, पावसाळ्यात जास्त. करदोड्याखाली हमखास दिसतं: अंघोळीनंतर तो दोरा ओलाच राहतो. करदोडा काढा म्हटलं तर घरचे दुखावतात. मी "बरं होईपर्यंत काढून ठेवू, मग नवा घालू" म्हणते, ते चालतं. ओली चड्डी घालून शाळेत येणं हे दुसरं कारण. एकच गणवेश असलेल्या लेकराला दुसरा मिळवून द्या. वासरांनाही गजकर्ण होतं आणि ते लेकरांना लागतं, त्यामुळे घरच्या वासराच्या तोंडावर चट्टे आहेत का तेही विचारा.

गजकर्णातला खरा घात औषधाच्या दुकानातून येतो. "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हटलं की बऱ्याचदा बुरशीचं, जिवाणूंचं आणि स्टेरॉइडचं असं मिश्रण हातात पडतं. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, सगळे खूश. बुरशी मात्र आत पसरत राहते, चट्ट्याचं रूप बदलतं, आणि मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड होतं. औषधाला दाद न देणारं गजकर्ण देशभर वाढलंय, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. ट्यूबवरची नावं वाचायची सवय लावा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलं असेल तर ती ट्यूब गजकर्णाला नको. डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम चट्ट्यावर आणि चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. डोक्यात गोल टक्कल पडून कोंडा दिसत असेल तर नुसत्या मलमानं भागत नाही, कित्येक आठवडे गोळ्या लागतात. उपचार सुरू झाला की लेकरानं वर्गात बसायला हरकत नाही.

उवा

ओल्या केसांतून बारीक फणी, एक दिवसाआड, दोन-तीन आठवडे. सोबत डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा. उवांसाठी मुलीचे केस कापू नका. आपल्या भागात सीताफळ भरपूर, म्हणून बिया वाटून डोक्याला लावतात. ते डोळ्यांत उतरलं तर बुबुळाला जखम होते. रॉकेल आणि कापसावर फवारायची औषधं तर जिवावर बेततात.

एक चट्टा वेगळा

फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, आणि त्या जागी स्पर्श कळत नाही. असा दिसला तर गजकर्ण समजून मलम लावत बसू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोग असेल तर औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, वेळेत घेतलं तर पूर्ण बरा होतो आणि हातापायात व्यंग राहत नाही. उपचार चालू असताना लेकरू शाळेत येतं, सगळ्यांसोबत जेवतं. ही गोष्ट तुम्ही, डॉक्टर आणि पालक यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. कुजबूज सुरू झाली तर ते कुटुंब उपचार सोडून गाव बदलतं.

वहीत काय लिहायचं

नाव, झोपायची जागा, पहिल्या शनिवारची तारीख, दुसऱ्या शनिवारची तारीख, चौथ्या आठवड्याची तपासणी, आठव्या आठवड्याची तपासणी. गैरहजर असलेल्याचं नाव लाल शाईनं. तो परत आला की त्याच रात्री त्याला वेगळं औषध, दुसऱ्याच्या गोधडीत जाण्याआधी. दिवाळीची सुट्टी संपून लेकरं येतात त्या संध्याकाळी, आणि कारखाने बंद झाल्यावर आईबापांना भेटून परततात तेव्हा, हात पुन्हा बघा. जेवणाआधी बघा. तेव्हा लेकरं घरच्या गोष्टी सांगत असतात, हात आपसूक पुढे येतात.